डार्विन उशिरा आला

प्रश्न असा आहे: "एकोणिसाव्या शतकात डार्विनने ख्रिस्ती धर्मशास्त्राचा पाया हलवला असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग आमच्या एम.ए.च्या पेपरात श्लायरमाखर, स्ट्राउस, फॉयरबाख ही मंडळी कशासाठी? यांचा एकमेकांशी संबंध काय, तेच कळत नाही."

हा विषय शिकवायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली. आधी काही वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या शाळेत होतो, नंतर तत्त्वज्ञान विभागात. दरवर्षी पहिल्या तासाला कुणीतरी डार्विनचं नाव घेतं, म्हणून आधी तारखाच बघू. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक १८५९ चं. तोवर जर्मन तत्त्वज्ञ कांट जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती. स्ट्राउसचं येशूचरित्र येऊन चोवीस वर्षं झाली होती, फॉयरबाखचं मुख्य पुस्तक येऊन अठरा. डॅनिश विचारवंत किर्केगार्दलाही पुरून चार वर्षं उलटली होती. डार्विन आला तेव्हा पंगती उठल्या होत्या.

इंग्लंडचंच उदाहरण घ्या. १८६० साली सात लेखकांचा एक निबंधसंग्रह निघाला. त्यांतले सहा जण चर्च ऑफ इंग्लंडचे पाळक होते. बायबल इतर कुठल्याही जुन्या ग्रंथासारखं वाचावं, असा त्यातल्या सर्वांत गाजलेल्या निबंधाचा सूर होता. दोघांवर खटले झाले, प्रकरण प्रिव्ही कौन्सिल या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि १८६४ मध्ये ते दोघे सुटले. त्यावर सुमारे ११,००० पाळकांनी निषेधाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सह्या कशासाठी होत्या? बायबल देवप्रेरित आहे आणि नरकाची शिक्षा अनंत आहे, या दोन गोष्टींसाठी. माकडाचा तिथे संबंध नव्हता. पाळकांची झोप उडाली होती ती इतिहासामुळे आणि नीतीमुळे. तिसरं कारण त्याहून जुनं होतं: देवाविषयी काही 'कळतं' तरी का, हा ज्ञानाचा प्रश्न.

आता संबंधाचं. या शतकाची गंमत अशी की प्रत्येक मोठ्या धर्मशास्त्रज्ञाने हल्ल्यापासून वाचण्यासाठी एक आसरा शोधला, आणि पुढचा हल्ला त्या आसऱ्याच्याच दारातून आत आला. एवढा एक धागा हातात धरलात तर पेपरातली निम्मी नावं आपोआप जागेवर बसतील.

आधीचं घर कसं होतं ते बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजी पाळकाकडे दोन टेकू होते. सृष्टीची रचना हा एक. विल्यम पेलीचं घड्याळ प्रसिद्ध आहे (१८०२): माळावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणारच. चमत्कार हा दुसरा. येशूने चमत्कार केले, प्रामाणिक साक्षीदारांनी ते लिहून ठेवले, म्हणून त्याची शिकवण देवाची. दोन्ही युक्तिवाद कोर्टातल्यासारखे आहेत: पुरावा द्या, निकाल घ्या.

पहिला टेकू कांटने काढला, तोही पेलीचं पुस्तक येण्याच्या एकवीस वर्षं आधी, १७८१ च्या 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' या पुस्तकात. कांटच्या कोनिग्सबर्ग गावची बातमी इंग्लंडात पोचायला वेळ लागला, एवढंच. कांटचं म्हणणं साधारण असं: आपली बुद्धी अनुभवाच्या जगात कामाची आहे. कारण आणि कार्य, द्रव्य आणि गुण या तिच्या पट्ट्या आहेत, आणि त्या देशकालातल्या वस्तूंनाच लागतात. देव देशकालात नाही. मग त्याला त्या पट्ट्या लावून काढलेलं माप कशाचं? 'देव परिपूर्ण आहे, अस्तित्व हा पूर्णत्वाचा भाग आहे, म्हणून देव आहे' या युक्तिवादाला त्याने पैशांचं उदाहरण दिलं. मनातले शंभर थालर (त्या वेळचं जर्मन नाणं) आणि खिशातले शंभर थालर यांच्या कल्पनेत एका पैचाही फरक नसतो. फरक खिशाला पडतो. 'आहे' हा शब्द कल्पनेत भर घालत नाही, म्हणून कल्पनेतून 'आहे' उकरून काढता येत नाही.

कांट स्वतः नास्तिक नव्हता. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत (१७८७) तो म्हणतो की श्रद्धेला जागा करून देण्यासाठी मला ज्ञान बाजूला सारावं लागलं. विद्यार्थी हे वाक्य परीक्षेत हमखास लिहितात, पण ती जागा किती अरुंद आहे हे लिहीत नाहीत. कांटचा देव नीतीच्या हिशेबापुरता उरतो. सज्जनाला कधीतरी सुख मिळावं, यासाठी मानावा लागणारा जामीनदार. अशा देवाला कोणी आळवील का? मला वाटतं, नाही.

दुसऱ्या टेकूवर, म्हणजे चमत्कारांवर, त्याही आधी जर्मन लेखक लेसिंगने बोट ठेवलं होतं (१७७७). त्याचं म्हणणं असं: चमत्कार मी डोळ्यांनी पाहिला असता तर गोष्ट वेगळी होती. माझ्या हातात आहे ती चमत्काराची बातमी. इतिहासातली योगायोगाने घडलेली गोष्ट बुद्धीच्या अटळ सत्याचा पुरावा कशी होणार? मध्ये एक ओंगळ, रुंद खंदक आहे. मी पुष्कळदा मनापासून उडी मारून पाहिली, पण मला तो ओलांडता येत नाही. हा खंदक लक्षात ठेवा, किर्केगार्द तिथेच येऊन उभा राहणार आहे.

आता श्लायरमाखर. याच्यावर मी जास्त वेळ घालवतो, कारण तो समजला नाही तर फॉयरबाख नुसता शिवीगाळ करणारा वाटतो.

फ्रीडरिश श्लायरमाखर १७६८ साली ब्रेस्लाऊला जन्मला. वडील प्रशियाच्या सैन्यात पाळक होते. मुलाला त्यांनी मोरावियन पंथाच्या शाळेत घातलं. तिथलं वातावरण भजनं, प्रार्थना, येशूवरचं उत्कट प्रेम असं होतं. आपल्याकडच्या वारकरी घरात वाढलेल्या माणसाला ते फार परकं वाटणार नाही. पण मुलं चोरून नवी पुस्तकं वाचत. जानेवारी १७८७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने वडिलांना पत्र लिहिलं. स्वतःला मनुष्याचा पुत्र म्हणवणारा येशू खरा, सनातन देव होता यावर माझा विश्वास बसत नाही, आणि त्याचं मरण आपल्या बदली भोगलेलं प्रायश्चित्त होतं यावरही नाही. वडिलांचं उत्तर दुःखाने आणि संतापाने भरलेलं होतं. वर्गात मी ही दोन्ही पत्रं वाचून दाखवतो. घरातल्या देव्हाऱ्यासमोर हात जोडायचं एकदा ज्याचं थांबलंय, त्याला ती पत्रं वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत.

पण या मुलाने भजन सोडलं नाही. बारा वर्षांनी, बर्लिनच्या शारिते रुग्णालयात पाळक असताना, त्याने 'धर्माविषयी' ही भाषणं निनावी छापली (१७९९). धर्माला तुच्छ मानणारे सुशिक्षित लोक हा त्यांचा श्रोतृवर्ग, म्हणजे संध्याकाळी ज्यांच्या दिवाणखान्यात तो गप्पा मारायला जायचा तेच मित्र. त्यांना तो म्हणतो: तुम्ही ज्याला धर्म समजून नाकारता, तो धर्म नव्हेच. तुम्ही नाकारता ते अर्धकच्चं तत्त्वज्ञान आणि उसनी नीती. धर्म म्हणजे विचार नव्हे, कृतीही नव्हे. अनंताची चव, अनंताची जाण, तो धर्म.

चाल लक्षात आली? कांटने ज्ञानाच्या खोलीला कुलूप लावलं होतं आणि देवाला नीतीच्या खोलीत कोंबलं होतं. श्लायरमाखरने तिसरीच खोली दाखवली. तिथे पुरावा मागता येत नाही. संगीत ऐकताना 'सिद्ध करा' म्हणता येत नाही, तसं.

या तिसऱ्या खोलीसाठी त्याचा जर्मन शब्द आहे 'गेफ्युल'. मराठीत बहुतेक जण त्याचं 'भावना' करतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. भावना म्हटलं की राग, लोभ, गहिवर आठवतो. त्याला तसं म्हणायचं नाही. मी 'जाणीव' हा शब्द वापरतो, तोही नाइलाजाने. १८२१-२२ मध्ये, आणि नंतर सुधारून १८३०-३१ मध्ये, त्याने 'ख्रिस्ती विश्वास' हा मोठा ग्रंथ काढला. त्याच्या चौथ्या कलमात ही जाणीव तो पायरीपायरीने उलगडतो. जगातल्या कुठल्याही गोष्टीशी आपलं नातं बघा, तो म्हणतो. मूल आईबापांवर अवलंबून असतं, पण तेही आईबापांना थोडं बदलतंच. नागरिक राज्यावर अवलंबून असतो, पण राज्यावर त्याचाही थोडा परिणाम होतो. आकाशातल्या ग्रहताऱ्यांवरसुद्धा आपला अतिसूक्ष्म का होईना, उलट परिणाम असतोच. म्हणजे जगात सगळीकडे देवाणघेवाण आहे, थोडं स्वातंत्र्य आणि थोडं अवलंबन. पण एक गोष्ट अशी आहे की जिथे आपल्याकडून काहीच जात नाही: आपण मुळात आहोत, ही. माझं स्वातंत्र्यसुद्धा मी स्वतःला दिलेलं नाही. या संपूर्ण अवलंबनाच्या जाणिवेतला 'कुठून' म्हणजे देव.

तत्त्वज्ञ हेगेलला हे मुळीच पटलं नाही. दोघे बर्लिन विद्यापीठात सहकारी होते आणि एकमेकांना पाण्यात पाहायचे. १८२२ मध्ये एका शिष्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना हेगेलने टोला मारला: अवलंबनाची जाणीव हाच धर्म असेल तर कुत्रा सर्वांत उत्तम ख्रिस्ती, कारण तो मालकाच्या आधारावरच जगतो, आणि हाड मिळालं की त्याला तारणाचा आनंदही होतो! टोला झणझणीत आहे, पण श्लायरमाखरला लागू पडत नाही. कुत्र्याचं अवलंबन मालकावर, म्हणजे जगातल्याच एका वस्तूवर. तिथे देवाणघेवाण असते. कलम नीट वाचणाऱ्याला हे लगेच दिसतं. पण विनोद टिकतात, कलमं विसरली जातात.

या आसऱ्याची किंमत मात्र मोठी होती. सिद्धान्त म्हणजे जाणिवेचं शब्दरूप, असं एकदा ठरलं की जे जाणिवेत उतरत नाही ते कडेला जातं. म्हणून शतकानुशतकं ख्रिस्ती धर्मशास्त्र ज्या पवित्र त्रैक्याने (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) उघडायचं, ते या ग्रंथात शेवटच्या काही पानांत येतं. देवदूत आणि सैतान यांच्याविषयी तो फारसं काही म्हणायलाच तयार नाही. तरीही भक्ती राहिली. फेब्रुवारी १८३४ मध्ये मरणशय्येवर त्याने घरच्यांना स्वतः प्रभुभोजन दिलं आणि थोड्याच वेळात प्राण सोडला.

पुढच्याच वर्षी स्ट्राउसचा बॉम्ब पडला.

डेव्हिड फ्रीडरिश स्ट्राउस तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, ट्युबिंगेनच्या सेमिनरीत कनिष्ठ शिक्षक. त्याच्या आधी येशूचे चमत्कार वाचायच्या दोन रीती होत्या. एक पारंपरिक: जसं लिहिलंय तसंच घडलं. दुसरी बुद्धिवादी: घडलं, पण नैसर्गिकरीत्या. या दुसऱ्या रीतीचा म्होरक्या हायडेलबर्गचा पाउलुस. पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजार माणसं जेवली, या गोष्टीवर त्याचा खुलासा असा: येशूने आपल्याजवळचं वाटायला सुरुवात केली. ते बघून ज्यांच्याकडे शिदोरी होती त्यांनीही ती सोडली आणि सगळ्यांना पुरलं. हा खुलासा आजही प्रवचनांत ऐकू येतो, बऱ्याचदा नवीन शोध लागल्यासारखा. तो पाउलुसचा आहे आणि जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे, हे सांगितल्यावर माझ्या वर्गातल्या एका तरुण पाळकाचा चेहरा पडला होता. त्याने आदल्याच रविवारी तो वापरला होता.

स्ट्राउस दोघांनाही म्हणतो: तुम्ही आधीच धरून चालला आहात की गोष्टीमागे एक घटना आहे. मजकूर तरी नीट बघा. आपणही बघू. बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, अलीशा संदेष्ट्याची छोटी गोष्ट आहे. दुष्काळात एक माणूस जवाच्या वीस भाकरी आणतो. अलीशा म्हणतो, लोकांना वाढ. सेवक म्हणतो, एवढ्यात शंभर माणसांना कसं वाढू? अलीशा म्हणतो, वाढ, ते खातील आणि उरेलही. ते खातात आणि उरतं. आता शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचरित्र उघडा. थोड्या भाकरी, पुष्कळ माणसं, शिष्यांची तीच शंका, तोच हुकूम, आणि शेवटी तसंच उरलेलं. योहानाच्या शुभवर्तमानात तर भाकरी जवाच्याच आहेत. आकडा मात्र शंभराचा पाच हजार झालाय, कारण मशीहा, म्हणजे वचन दिलेला तारणारा, संदेष्ट्यापेक्षा मोठा असायलाच हवा. त्याच्या मागे मोशे आणि रानात आकाशातून मिळालेलं अन्न, मान्ना, हेही आहे.

स्ट्राउसचा निष्कर्ष: इथे लबाडी नाही, गैरसमजही नाही. 'मशीहा आला' अशी खात्री पटलेल्या समाजाने आपल्याजवळच्या जुन्या साच्यांत नवा रस ओतला आणि नकळत कथा तयार झाली. याला तो 'मिथक' म्हणतो. ज्याने संतचरित्रं डोळसपणे वाचली आहेत त्याला ही प्रक्रिया समजायला जड जात नाही. एका संताचा चमत्कार दुसऱ्याच्या चरित्रात थोडा वाढून कसा येतो, हे आपण पाहिलेलं असतं.

एवढं करून स्ट्राउसला वाटत होतं की धर्माचा गाभा शाबूत आहे. तो हेगेलच्या परंपरेतला. हेगेलच्या मते धर्म जे चित्रांत सांगतो तेच तत्त्वज्ञान संकल्पनेत सांगतं. मग देहधारणाची, म्हणजे देव माणूस झाल्याची गोष्ट एका माणसापुरती ठेवायची कशाला? पुस्तकाच्या समारोपात तो म्हणतो की देव आणि मनुष्य यांचं ऐक्य एका व्यक्तीत नाही, सगळ्या मानवजातीत आहे. शाब्दिकदृष्ट्या सुंदर. पण चर्चच्या बाकावर बसलेल्या बाईला याचा काय उपयोग, हे त्याला सांगता आलं नाही.

नोकरी गेली. १८३९ मध्ये झुरिकच्या सरकारने त्याला प्राध्यापकपद देऊ केलं, तर इतका गदारोळ झाला की रुजू व्हायच्या आतच पेन्शन देऊन त्याला मोकळं करावं लागलं. तरी सप्टेंबरात खेड्यापाड्यांतले लोक एका पाळकाच्या पुढारीपणाखाली शहरावर चालून आले आणि सरकार पडलं. 'पुत्श' हा बंडाचा शब्द युरोपभर पसरला तो याच प्रसंगातून. धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाच्या नेमणुकीवरून सरकार पडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

इथे एक गोष्ट सुटू देऊ नका. श्लायरमाखरचा आसरा जाणिवेचा होता, पण त्या जाणिवेचा उगम तो नासरेथच्या येशूच्या निर्दोष देवजाणिवेत मानायचा. म्हणजे एक पाय इतिहासात होताच. स्ट्राउसने तो पाय काढला. उरलेल्या पायावर फॉयरबाख आला.

लुडविग फॉयरबाखचं 'ख्रिस्ती धर्माचं सार' १८४१ चं. हा माणूस विद्यापीठाबाहेरचा. अमरत्व नाकारणारं एक पुस्तक त्याने १८३० मध्ये निनावी छापलं, नाव फुटलं आणि प्राध्यापकीची वाट बंद झाली. बायकोचा वाटा असलेल्या चिनी मातीच्या कारखान्याच्या उत्पन्नावर तो ब्रुकबेर्ग नावाच्या खेड्यात राहून लिहायचा.

त्याची युक्ती व्याकरणाची आहे. धार्मिक वाक्य घ्यायचं आणि कर्ता-विधेय उलटे करायचे. 'देव प्रेम आहे.' उलटा: 'प्रेम दैवी आहे.' 'देव दुःखितांचं ऐकतो.' उलटा: 'दुःख ऐकून घेणं ही सर्वांत थोर गोष्ट आहे.' वाक्याचा सगळा ऐवज तसाच राहिला, नुसता 'देव' नावाचा मालक गेला. मग तो विचारतो, काय हरवलं? माणसाने स्वतःतलं उत्तम तेवढं काढून आकाशात ठेवलं आणि स्वतःला पापी, क्षुद्र म्हणवून त्याच्यापुढे गुडघे टेकले. धर्मशास्त्र म्हणजे मुखवटा घातलेलं मानवशास्त्र.

आणि श्लायरमाखर? फॉयरबाख त्याला शत्रू मानत नाही. धर्म जाणिवेचा विषय केला म्हणून मी त्याला दोष देत नाही, असं तो दुसऱ्याच वर्षी लिहितो. दोष एवढाच की धर्मशास्त्रज्ञ असल्यामुळे त्याला शेवटपर्यंत जाता आलं नाही. अनंताची जाण करून देणारं इंद्रिय जर जाणीवच असेल, तर ज्याला आपण अनंत म्हणतो ते जाणिवेचंच स्वरूप नव्हे का? 'कुठून'चं उत्तर 'आतून' असं का नसावं?

माझ्या मते हा शतकातला सर्वांत घातक प्रश्न. फॉयरबाखने देव नाही हे सिद्ध केलेलं नाही. तहानेचं नीट वर्णन केल्याने पाणी खोटं ठरत नाही. त्याने आणखी वाईट केलं: तुम्ही स्वतःच्या जाणिवेपासून सुरुवात केलीत तर स्वतःपाशीच पोचाल, मधे दुसरं कोणी भेटल्याची खूण काय, असं विचारून ठेवलं. श्लायरमाखरच्या घरातून याला उत्तर मिळत नाही. विसाव्या शतकात स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने श्लायरमाखरविरुद्ध बंड पुकारलं ते हेच ओळखून, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी फॉयरबाख वाचलाच पाहिजे असा त्याचा आग्रह असे. जाता जाता: स्ट्राउस आणि फॉयरबाख दोघांनाही इंग्रजीत आणलं एकाच बाईने (१८४६ आणि १८५४), मेरियन एव्हन्सने, जी पुढे जॉर्ज एलियट म्हणून कादंबऱ्या लिहायला लागली.

किर्केगार्द या सगळ्यांच्या बाजूला, कोपनहेगनमध्ये. त्याचा रोख नास्तिकांवर कमी आणि ख्रिस्ती धर्म सोपा करून देणाऱ्यांवर जास्त होता. १८४४ च्या 'तत्त्वज्ञानाचे तुकडे' या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच त्याने लेसिंगचा प्रश्न छापला: ऐतिहासिक माहितीवर कोणी आपलं चिरंतन सुख उभारू शकतो का? त्याचं उत्तर अजब आहे. खंदक बुजवू नका, तो तसाच राहू द्या. येशूच्या शेजारी बसून जेवणाऱ्यालाही काही फायदा नव्हता, कारण डोळ्यांना दिसत होता एक सुताराचा मुलगा. देव दिसत नव्हता. अठराशे वर्षांनी जन्मलेला आणि त्या पंगतीतला, दोघांपुढे अंतर सारखंच. पुरावा वाढवत नेऊन विश्वास मिळत नाही, मिळालाच तर तो विश्वास नव्हे. म्हणजे स्ट्राउसने कितीही कथा मोडल्या तरी किर्केगार्दचं काही जात नाही. पण फॉयरबाखला याने उत्तर मिळतं का? मला अर्धंच मिळतं असं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

रोमविषयी, म्हणजे कॅथलिक चर्चविषयी, थोडक्यात. तिथे दोन्ही दारं एकदम बंद केली गेली. कांटच्या वाटेने जाणाऱ्या जर्मन धर्मशास्त्रज्ञ हेर्मेसची पुस्तकं १८३५ मध्ये निषिद्ध झाली. उलट बाजूने, बुद्धीला काहीच कळत नाही, सगळं श्रद्धेनेच, असं म्हणणाऱ्या फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ बोतांकडून १८४० मध्ये माघारीची कलमं सही करून घेतली. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने तर देवाचं अस्तित्व बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात निश्चित कळू शकतं हा विश्वासाचाच भाग ठरवला. बुद्धीने कळतं हे श्रद्धेने मानायचं! याच साली इंग्रज कॅथलिक विचारवंत न्यूमनने एका पुस्तकात दाखवलं की माणूस खात्रीपर्यंत पोचतो तो एका अनुमानाने नव्हे, पुष्कळ बारीक शक्यता एकत्र वळून. ते पुस्तक बारकाईने वाचण्यासारखं आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ रिचल आणि त्याचे 'मूल्यनिर्णय' (धर्माची विधानं वस्तुस्थिती नव्हे, मूल्य सांगतात, हे मत) परीक्षेपुरते वाचलेत तरी चालेल.

आता आपल्याकडचा खरा दुवा, कारण तो पेपरात नसतो आणि असायला हवा. १८३९ मध्ये कंपनी सरकारातला स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर याने 'मतपरीक्षा' हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत लिहिला. खऱ्या शास्त्राच्या कसोट्या कोणत्या? संस्थापकाची चमत्कार करण्याची शक्ती, शास्त्राचं पावित्र्य, आणि ते सर्वांसाठी असणं. म्हणजे चारच वर्षांपूर्वी जर्मनीत ज्याची चिरफाड झाली होती तो चमत्कारांचाच टेकू, अनुष्टुभात. उत्तर देणाऱ्या तिघा पंडितांत दोघे मराठी होते, सुबाजी बापू आणि काशीतले नीळकंठशास्त्री गोरे. चमत्कार तर आमच्या पुराणांत याहून मोठे आहेत, हे उत्तर ओघानेच आलं. गोऱ्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' (१८४४-४५) आणखी खोल जातो. आधी श्रद्धा, मग तिच्या आधाराने तर्क. नुसत्या तर्काने शास्त्राची परीक्षा करायला निघणं हेच चूक, असं ते म्यूरना सुनावतात. आणि काही वर्षांच्या पापाला अनंत काळाची शिक्षा देणारा देव न्यायी कसा, असंही विचारतात.

हा शेवटचा प्रश्न लंडनमध्येही पेटत होता. १८५३ मध्ये धर्मशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक मॉरिस यांना किंग्ज कॉलेजातून काढलं ते अनंत शिक्षेविषयी शंका घेतली म्हणून. १८६५ मध्ये तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने लिहिलं की ज्याचा चांगुलपणा आपल्या चांगुलपणाच्या अर्थाने चांगुलपणा नाही, अशाला मी चांगला म्हणणार नाही, आणि त्यासाठी तो मला नरकात धाडणार असेल तर जाईन. काशीचा शास्त्री आणि लंडनचा तत्त्वज्ञ एकमेकांचं काही न वाचता एकाच ठिकाणी अडले होते.

गोरे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले, परंपरानिष्ठ अँग्लिकन झाले. म्यूर मात्र पुढे बायबलच्या चिकित्सक अभ्यासाकडे झुकत गेले. दोघे वाटेत एकमेकांना ओलांडून गेले म्हणायचं.

आणि पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरची दोन-अडीच वर्षं वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो मराठी बाईच्या हातून एकोणिसाव्या शतकातल्या धर्मशास्त्राची झालेली उलटतपासणी आहे. त्रैक्य शास्त्रवचनांतून निघतं का, ख्रिस्ताच्या देवत्वाला आधार काय, हे त्या एकेक करून विचारतात. जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसतो. बीलबाई थांबायला तयार आहेत. १८८५ च्या एका पत्रात रमाबाई साफ लिहितात की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता पाद्री म्हणेल ते देवाची आज्ञा मानून तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने मूळ इंग्रजीत छापला. जुन्या ग्रंथालयांत मिळतो.

वाचायचं कसं ते सांगतो. श्लायरमाखरचं दुसरं भाषण आधी, सकाळी, एका बैठकीत. त्याच आठवड्यात मोठ्या ग्रंथाचं चौथं कलम, हातात पेन्सिल घेऊन. स्ट्राउस सगळा वाचू नका, तो दीड हजार पानांचा आहे. भाकरींचा भाग वाचा आणि शेजारी बायबल उघडं ठेवा. मग फॉयरबाखची सुरुवातीची दोन प्रकरणं. ती वाचताना प्रत्येक वाक्य उलटवून बघायची खोड लागेल, लागू द्या. त्यानंतर लगेच किर्केगार्द घेऊ नका, आठवडाभर जाऊ द्या. त्या आठवड्यात रमाबाईंची पत्रं वाचा.